जे लागू नसेल ते खोडावे

नेहरू स्टेडियमवर चुन्याच्या रेषा
सकाळी साडेपाचला ओल्या असायच्या.
वडील सायकल स्टँडवर लावून उभे,
गळ्यात घड्याळ, खिशात भिजवलेले हरभरे,
आणि मी : आठशे मीटर, दोन फेऱ्या,
रामबागेतल्या दोन खोल्यांतून सुटून आलेली.

थावरी डावर अलीराजपूरकडची.
बूट उसने, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
पहिली फेरी ती माझ्या मागे.
श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही.
शेवटच्या वळणावर
शेजारून निघून जायची,
घरात आधीच ठरलेली गोष्ट
आपल्याला सगळ्यांत शेवटी कळावी, तशी.

पावणेदोन सेकंद.
एवढ्यात सुईत दोरासुद्धा ओवून होत नाही.
माझी चार वर्षं त्यात मावली.

अर्ज वडिलांनी लिहिला, मोत्यासारख्या अक्षरात.
त्यात 'आवाज' होता, 'खांदे' होते, 'शंका' होती,
शेवटी 'विनंती विशेष'.
फी पाचशे रुपये.
सही माझी. एकोणीस वर्षांची, पूर्ण नावाची,
खाली रेघ ओढलेली.

भोपाळहून तिघं आले.
तिला एका खोलीत नेलं, दार लोटलं.
बाहेर बाकाखाली तिचे बूट.
रक्त तपासलं म्हणे. मग आणखीही काही, म्हणे.
थावरीला त्या दिवसापर्यंत
आपल्या अंगाबद्दल एवढंच ठाऊक होतं
की ते दमत नाही.
तिच्या आईला समजावणाऱ्या बाबूला
तिची बोली येत नव्हती.
कागदावर होतं : अपात्र.
आई विचारत राहिली,
आजार कुठला? औषध काय?

पात्र म्हणजे भांडं, शाळेत शिकलो.
पात्र म्हणजे नाटकातला माणूस.
नदीलाही पात्र असतं. आमच्या खान नदीचं बघा,
कुणी आखलं, कुणी भिंती घालून आवळलं,
आता नाला म्हणतात तिला,
आणि तिनं काय म्हणावं हे कुणी विचारलेलं नाही.

पण रेषाच नको, असं मी म्हणणार नाही.
रेषा नसती तर मी धावलेच नसते;
भावाबरोबर धावून बघितलंय मी,
तो सिगारेट ओढायचा आणि जिंकायचा.
त्या रात्री मी रडले ते खोटं नव्हतं.
फक्त मला वाटलं होतं,
रेषा कुठे आहे ते आधी सांगतात,
मग धावायला लावतात.

सुवर्णपदक पोस्टानं आलं, मार्चमध्ये.
वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.
निकाल लागला, म्हणाले.
मला ऐकू आलं : निकालात निघाली.

अकरा वर्षांनी गंगवाल बसस्टँडवर
सीताफळांच्या दोन टोपल्यांमागे ती.
मी बस पकडायला धावत होते, चुकली.
मागून हिंदीत आवाज आला,
"अजून उजवा खांदा पाडतेस तू."
मी थांबले. पर्समध्ये काहीतरी शोधू लागले,
काय, ते मलाही माहीत नव्हतं.
"पदक तुझं आहे," मी म्हटलं.
ती फळं चाचपत होती, डोळे उघडलेली वेगळी काढत.
"ठेवू कुठे?" ती म्हणाली.
"अर्ज कुणी केला होता गं, तुला ठाऊक आहे?"

धारची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता.
मी म्हटलं, नाही.
तिनं किलोभर तोलली,
वर एक फळ जास्तीचं टाकलं.

आता मी शाळेत खेळ शिकवते.
जिल्हा स्पर्धेचे फॉर्म आलेत, मुलींचे, बावीस.
प्रत्येकावर माझी सही लागते.
खाली छापलंय : पात्र / अपात्र,
जे लागू नसेल ते खोडावे.
एकवीस झाले.
बाविसावी बाहेर मैदानावर आहे,
एकटीच, फेरी मारतेय,
आणि घड्याळ माझ्या हातात चालू राहिलंय.